कोणाच्या वहीत किती : ॲडम ग्रँट यांच्या संशोधनाचे एक वाचन

मराठीत दुसऱ्यासाठी विनामोबदला राबणाऱ्या माणसाविषयी बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. चारचौघांत तो समाजकार्य करत असतो. घरात तो लष्कराच्या भाकऱ्या भाजत असतो. काम तेच, बोलणारा बदलला की शब्द बदलतो. दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी माणूस किती झिजतो, का झिजतो आणि त्या झिजण्याचा हिशेब कोण ठेवतो, या प्रश्नाकडे अमेरिकेतील संघटनात्मक मानसशास्त्राने गेल्या दोन दशकांत प्रयोगांच्या वाटेने पाहिले आहे. त्या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव ॲडम ग्रँट यांचे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले हे प्राध्यापक आपल्याकडे ठाऊक आहेत ते विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानांमुळे आणि भाषणांच्या चित्रफितींमुळे. त्या ग्रँटांविषयी मला इथे फारसे बोलायचे नाही. २००७ ते २०१२ या काळात त्यांनी मानसशास्त्राच्या आणि व्यवस्थापनशास्त्राच्या नियतकालिकांत लिहिलेले काही शोधनिबंध मी एकापाठोपाठ एक वाचले. ते त्यांच्या पुस्तकांपेक्षा सरस आहेत असे माझे मत झाले, आणि त्यांतली एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकत राहिली.

सुरुवात मिशिगन विद्यापीठातली. ग्रँट तिथे पीएच.डी. करत होते. विद्यापीठाचे एक निधिसंकलन केंद्र होते. तिथे विद्यार्थी अर्धवेळ नोकरीवर बसून माजी विद्यार्थ्यांना फोन करत आणि देणगी मागत. काम कंटाळवाणे, नकार रोजचे, माणसे टिकत नसत. तिथल्या एकाने आपल्या जागेजवळ एक पाटी लावली होती, असे ग्रँट यांच्यावरील एका लेखात आले आहे : इथे चांगले काम करणे म्हणजे गडद रंगाच्या सुटात लघवी होण्यासारखे आहे; ऊब तुम्हाला कळते, बाकी कोणाच्या लक्षातही येत नाही. कारकुनी विनोदाचा हा अस्सल नमुना आहे. जगातल्या कुठल्याही कचेरीत तो चालेल.

ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या केंद्रात एक साधा प्रयोग केला. जमणाऱ्या पैशातून शिष्यवृत्त्या दिल्या जात, पण फोन करणाऱ्यांनी शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी कधी पाहिलेला नव्हता. त्यांचे तीन गट केले. एका गटाने शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याचे पत्र वाचले आणि मग त्या विद्यार्थ्याला समक्ष भेटून सुमारे दहा मिनिटे प्रश्न विचारले. दुसऱ्या गटाने फक्त पत्र वाचले. तिसऱ्याला काहीच नाही. महिन्याभराने पाहिले तर भेट घेतलेल्या गटाचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. पत्रवाल्यांत आणि तिसऱ्या गटात काही फरक नव्हता. २००७ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून व्यवस्थापनाच्या वर्गांत तो पुराणकथेसारखा सांगितला जातो.

तो का महत्त्वाचा, हे समजायला थोडे मागे जावे लागते. कामाची आखणी आणि कामाची गोडी यांचा संबंध रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहम यांनी १९७०च्या दशकात मांडला होता. कामात वैविध्य हवे, काम अखंड हवे, त्यात स्वातंत्र्य हवे, ते कसे झाले हे कळायला हवे आणि त्या कामाला दुसऱ्याच्या आयुष्यात काही महत्त्व हवे, अशी त्यांची पाच कलमे. यातले शेवटचे कलम फार काळ प्रश्नावल्यांच्या आधारावर उभे होते. माझे काम महत्त्वाचे आहे असे म्हणणारा माणूस कामही चांगले करतो, एवढेच त्यातून कळे. पण चांगले काम करणाऱ्यालाच आपले काम महत्त्वाचे वाटू लागते की काय? प्रश्नावली याचे उत्तर देऊ शकत नाही. ग्रँट यांनी कार्य आणि कारण वेगळे केले, तेही प्रयोगशाळेतल्या बटणांवर नव्हे तर पगारी नोकरीच्या जागी, खऱ्या पैशांवर. त्यांचे हे श्रेय निर्विवाद आहे. पुढे २०१३ मध्ये निकोला बेले यांनी इटलीतल्या एका सार्वजनिक रुग्णालयातील ९० परिचारिकांवर लाभार्थी-भेटीचा प्रयोग केला आणि त्यांनाही त्याच दिशेचे निष्कर्ष मिळाले. म्हणजे मिशिगनचा निकाल एका इमारतीपुरता नव्हता.

तरी मूळ प्रयोगातली माणसे काही डझनच होती हे विसरू नये. इतक्या लहान गटात एखाद-दोन उत्साही मुले सरासरी कुठल्या कुठे नेऊ शकतात. १७१ हा आकडा म्हणूनच मी दिशा म्हणून वाचते, माप म्हणून नाही. ज्यांनी तो भाषणांत वापरला त्यांनी मात्र माप म्हणूनच वापरला.

मला त्याहून रस वाटला तो पुढच्या वर्षीच्या, २००८च्या निबंधात. पुन्हा निधिसंकलनाचे फोन, पुन्हा तीन गट. एका गटाने शिष्यवृत्तीमुळे आयुष्य बदललेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती वाचल्या. दुसऱ्या गटाने पूर्वी हे काम केलेल्यांच्या हकिकती वाचल्या : या नोकरीत मी काय शिकलो, पुढे त्याचा मला कसा उपयोग झाला. तिसरा गट कोरा. पहिल्या गटाला आठवड्याला सरासरी ९ देणग्यांची वचने मिळत होती, ती २३ झाली. रक्कम १,२८८ डॉलरवरून ३,१३० डॉलरवर गेली. स्वतःच्या फायद्याच्या हकिकती वाचणाऱ्यांत काहीच हालचाल नाही. त्याच निबंधात पोहण्याच्या तलावावरच्या ३२ पगारी जीवरक्षकांवरचा प्रयोग आहे. बुडणाऱ्याला वाचवल्याच्या कथा वाचलेल्यांनी कामाचे तास चाळीस टक्क्यांहून अधिक वाढवून घेतले. या नोकरीचा तुम्हाला काय लाभ, हे वाचलेले होते तिथेच राहिले.

इथे एक सांधा नीट बसत नाही. २००७ मध्ये नुसत्या वाचनाने काही झाले नव्हते, प्रत्यक्ष भेट लागली होती. २००८ मध्ये नुसते वाचन पुरले. एका पत्रापेक्षा अनेक हकिकती प्रभावी ठरतात असे स्पष्टीकरण देता येईल, पण समक्ष भेटीची जादू सांगणारे लोक हा दुसरा निकाल शेजारी ठेवत नाहीत.

आणि त्या दुसऱ्या गटाचे काय? स्वतःच्या फायद्याच्या कथांनी माणूस हलत नाही, यावरून ग्रँट असे सुचवतात की स्वार्थापेक्षा परार्थाची ओढ कामाला अधिक बळ देते. मला याचे दुसरेही एक वाचन दिसते आणि ते अधिक साधे आहे. त्या मुलांनी त्या कथांवर विश्वास ठेवला नाही. जी नोकरी आपण रोज करतो, जिच्यात रोज शिव्या खातो, तिच्यामुळे तुझे भविष्य घडेल असे नोकरी देणाराच सांगू लागला तर ऐकणारा सावध होतो. शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी खरा होता, त्याचा फायदा खरा होता. फोन करणाऱ्याचा फायदा मात्र जाहिरातीतला होता. स्वार्थ आणि परार्थ यांची तुलना व्हायची तर दोन्हीकडे खरे माप हवे. एका गटाला लाभार्थ्याची हकिकत आणि दुसऱ्याला तासाला दोन डॉलर जास्त, असा प्रयोग या निबंधात नाही. तो झाला असता तर निकाल काय आला असता, हे मी सांगू शकत नाही. प्रश्न मात्र तोच होता.

मला खटकलेली गोष्ट इथूनच दिसू लागते. या प्रयोगांत मोजले काय जाते ते पाहावे : फोनवरची मिनिटे, जमलेले डॉलर, नोंदवलेले तास. प्रत्येक माप मालकाच्या वहीतले आहे. अडीचपट वेळ फोनवर घालवणाऱ्या मुलाच्या हाती महिन्याअखेर काय पडले, तो जास्त थकला का, सहा महिन्यांनी तिथे होता का, की अभ्यास बुडाला म्हणून सोडून गेला, याची वही उघडलीच जात नाही. ग्रँट दुष्ट आहेत असे मला सुचवायचे नाही. त्यांचे सगळे लेखन या माणसांविषयीच्या आस्थेने भरलेले आहे. पण आस्था प्रस्तावनेत आहे आणि मोजमाप तक्त्यात, आणि शास्त्रात शेवटी तक्ताच बोलतो.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. २०११ मध्ये ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी रुग्णालयात हात धुण्याच्या जागी वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एका पाटीचा आशय : हात धुतल्याने तुम्हाला रोग होत नाही. दुसऱ्या पाटीत फक्त ‘तुम्हाला’च्या जागी ‘रुग्णांना’. दुसऱ्या पाटीखालचा साबण आणि जेल लक्षणीय जास्त संपले. पहिलीचा परिणाम झाला नाही. एका शब्दाचा हा प्रयोग मला त्यांच्या सगळ्या कामात सुंदर वाटतो. इथे वाढलेल्या श्रमाचे फळ थेट रुग्णाच्या पदरात पडते, आणि परिचारिकेकडून जास्तीचे काय मागितले जाते, तर अर्धे मिनिट. असे काम आणखी हवे होते.

ग्रँट यांचे लक्ष मग स्वयंसेवेकडे वळले. त्याआधी, २००८ मध्ये, जेन डटन आणि ब्रेंट रोसो यांच्यासोबत त्यांनी किरकोळ विक्रीच्या एका मोठ्या कंपनीतला मदतनिधी अभ्यासला होता. अडचणीतल्या सहकाऱ्यांसाठी कर्मचाऱ्यांनीच पैसे घालायचे अशी योजना. मदत घेणाऱ्याला कंपनीविषयी ओढ वाटते, हे सर्वांना पटण्यासारखे. या तिघांनी दाखवले की देणाऱ्यालाही वाटते. मी दिले, म्हणजे मी माया असलेला माणूस आहे. कंपनीने देऊ दिले, म्हणजे कंपनीलाही माया आहे, अशी मनाची वाटचाल होते. निरीक्षण बारीक आहे आणि खरेही वाटते. पण ते वाचताना आपल्याकडच्या कोणाही जुन्या गिरणीकामगाराने एक प्रश्न विचारला असता : सहकाऱ्याच्या घरी आजारपण आले की त्याला शेजारच्या साच्यावरच्या माणसापुढे हात पसरावा लागतो, तो का? पैसे कामगाराचे, पुण्य कंपनीचे. निबंधात या व्यवहाराला मानसिक प्रक्रियेचे नाव मिळते. त्याच्या आर्थिक बाजूला नाव मिळत नाही.

२०१२चा निबंध या सगळ्याचा कळस आहे. कंपन्या आपल्या नोकरांना स्वयंसेवेच्या कार्यक्रमांत पाठवतात. पहिल्यांदा बरेच जण जातात, पण पुन्हा पुन्हा कोण जातो आणि का, हा त्याचा प्रश्न. हा प्रयोग नाही, सैद्धांतिक मांडणी आहे. तिचा गाभा असा : ज्याच्या नोकरीत कामाची गोडी, माणसांचा सहवास किंवा डोक्याला खाद्य कमी असते, तो त्याची भरपाई स्वयंसेवेत शोधतो. ती भरपाई झाली तर तो परत येतो, आणि हळूहळू ‘मी स्वयंसेवक’ ही त्याची ओळख बनते. दबाव, कौतुक, वरिष्ठांचा पाठिंबा अशा गोष्टींनी हे घट्ट होते किंवा विस्कटते. पुढच्याच वर्षी जेसिका रोडेल यांनी प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून याच्या जवळचे काही दाखवले : स्वयंसेवेत अर्थ सापडला की माणसे ती अधिक करतात, आणि ज्यांच्या नोकरीत अर्थ कमी, त्यांच्यात ही ओढ अधिक तीव्र असते. स्वयंसेवेमुळे नोकरीतल्या कामात अडथळा येतो असे मात्र त्यांना आढळले नाही. उलट माणसे कामात अधिक रमतात असे दिसले.

आता ग्रँट यांची मांडणी उलट बाजूने वाचा. कंपनीच्या स्वयंसेवा कार्यक्रमाला माणसांची रीघ लागली असेल, तर ती कंपनीतल्या नोकऱ्या पोकळ असल्याची खूण असू शकते. आजवर कुणी कंपनीवर केलेली ही सर्वांत बोचरी टीका ठरली असती. ज्या माणसाने आपली सुरुवात नोकरीची आखणी बदलण्यापासून केली होती, त्याच्याकडून पुढचे वाक्य अपेक्षित होते : तर मग नोकरी बदला. निबंध तिकडे वळत नाही. स्वयंसेवेचे प्रकल्प अधिक चांगले कसे आखावेत, म्हणजे भरपाई नीट होईल, तिकडे तो वळतो. मळमळ ओळखून वैद्याने सुपारी चघळायला द्यावी, तसे हे झाले.

पुस्तकाचा उल्लेख टाळता येत नाही म्हणून एवढेच. २०१३च्या ‘गिव्ह अँड टेक’मध्ये माणसांचे देणारे, घेणारे आणि तोलणारे असे तीन प्रकार येतात आणि वर्षाला शंभर तास स्वयंसेवा हे हितकर प्रमाण म्हणून सुचवले जाते. हा आकडा जिथून आला तो ऑस्ट्रेलियातला अभ्यास साधारण ६४ ते ६८ वयाच्या दोन हजारांहून अधिक माणसांचा होता, आणि तो सहसंबंधाचा होता. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचे आठवड्याचे दोन तास आणि दोन लहान मुले व दोन गाड्या बदलून कामावर जाणाऱ्या बाईचे दोन तास एकाच घड्याळातले नसतात.

ग्रँट यांनी न उघडलेली वही दुसऱ्यांनी उघडली. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्प्सन यांनी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतील रखवालदारांचा अभ्यास केला. शिकलेली माणसे, पगार तुटपुंजा, काम शेणघाणीचे, आणि तरीही हे काम आपल्यासाठीच आहे अशी त्यांची श्रद्धा. या श्रद्धेने त्यांना अर्थ दिला, ओळख दिली. त्याच श्रद्धेपायी पैसा, वेळ, शरीरसुख सोडायची त्यांची तयारीही वाढली. आपण सोडून जाणार नाही हे मालकाला ठाऊक आहे, याचीही त्यांना जाण होती. दुधारी शस्त्र हा शब्द त्या लेखकद्वयाने वापरला आणि तो योग्य आहे. २०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या जे युन किम आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांची एक मालिका प्रसिद्ध केली : कामावर प्रेम असलेल्या माणसाकडून विनामोबदला जास्तीचे काम करून घेणे इतर माणसांना अधिक रास्त वाटते. त्याला आवडतेच की, मग काय बिघडले! ग्रँट यांचे निबंध आणि हे दोन अभ्यास एकत्र बांधून वाचायला हवेत. एकात इंधन आहे, दुसऱ्यात धूर.

भारतात या विषयाला कायद्याची एक कड आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचे तास पैशांत मोजून त्या दोन टक्क्यांत दाखवता येतील का, असा प्रश्न साहजिकच निघाला. जानेवारी २०१६ मधल्या सरकारी परिपत्रकाचे उत्तर होते : कर्मचाऱ्यांना जरूर सहभागी करा, पण त्यांच्या सेवेचे मूल्य खर्चात धरता येणार नाही. कुठल्याशा कारकुनाने लिहिलेल्या या ओळीत, कोणाचे श्रम कोणाच्या वहीत जायचे, याची जी स्पष्टता आहे ती मला व्यवस्थापनाच्या निबंधांत सापडली नाही.

सरकारने स्वतःसाठी मात्र वेगळा न्याय ठेवला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासोबत ‘आशा’ आली : साधारण हजार लोकवस्तीमागे एक बाई, गावातलीच. बाळंतिणीला दवाखान्यात नेणे, लसीकरणासाठी घरे पालथी घालणे, क्षयरोग्याला गोळ्या घ्यायला लावणे. कागदोपत्री ती मानद स्वयंसेविका. तिला वेतन नाही. कामागणिक मोबदला आणि वर मानधन. मराठीत पगार, मजुरी, वेतन, बिदागी असे इतके शब्द असताना हा एक शब्द निवडला गेला, कारण मानधनात मान आधी येतो आणि धन नंतर, आणि त्याला किमान वेतनाचा कायदा लागत नाही. ज्या २०१३ साली ‘गिव्ह अँड टेक’ निघाले, त्याच वर्षी पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतल्या स्त्रियांना स्वयंसेवक न मानता कामगार मानावे अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही.

ग्रँट यांच्या सिद्धान्ताला याहून कडक कसोटी शोधून सापडणार नाही. मिशिगनच्या मुलांना लाभार्थी दाखवण्यासाठी मुद्दाम भेट घडवावी लागली होती. आशाताईच्या दारात तो रोज उभा असतो. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई तिला नावाने हाक मारते. आपल्या कामाचे महत्त्व कळावे म्हणून तिला कुठली हकिकत वाचायला द्यायची? दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याची जाणीव जितकी म्हणून असू शकते, तितकी तिच्याजवळ आहे. कोविडच्या काळात दारोदारचे सर्वेक्षण तिनेच केले. आणि जून २०२१ मध्ये, दुसरी लाट पुरती ओसरली नव्हती तेव्हा, महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा संपावर गेल्या. मागणी मानधनवाढीची होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा पुन्हा संपावर होत्या.